आगोंद, खोली नंबर तीन

समुद्र सोडून बाकी सगळं घरूनच आणलं होतं:
नाचणीसत्त्व, मऊभाताचा छोटा कुकर,
जायफळ, सहाण,
आणि नणंदेने ऐनवेळी कोंबलेली वेखंडाची पुरचुंडी.

वाळूवर सगळे एकदमच ओरडले,
"शाल्मली, ते बघ! केवढं पाणी!"
तिने बघितलं सोड्याच्या बाटलीचं झाकण.
अर्धा तास. दोन्ही बाजूंनी.
निरंजन मोबाइल धरून
नुसता पुढे-मागे, पुढे-मागे.

मग एक लाट तळपायाला लागली
आणि असा टाहो फोडला
की घरमालकीण इनासीनबाई व्हरांड्यातून धावत आल्या,
"कितें जालें गो बाये?"

रात्री वीज गेली.
पंखा थांबला तशी मी उठून बसले,
आता रडेल, आता रडेल.
ती जागी होती. गप्प.
मान जराशी खिडकीकडे.

शूऽऽ
शूऽऽ

आठ महिने हेच तर म्हणत आलेय मी तिच्या कानाशी,
ओठ सुकेपर्यंत.
बाहेर कुणीतरी न दमता म्हणत होतं.

मी आडवी झाले.
वीज तीनला आली म्हणे.
सासूबाईंनी सांगितलं, सकाळी चहा गाळताना,
जरा रागानेच.