सहा अंश

पलंगाचं डोकं पायांपेक्षा खाली, सहा अंश.
एवढंच काय ते अंतराळ,
परळच्या इस्पितळातलं, चौथ्या मजल्यावरचं.
साठ दिवस उठायचं नाही, बसायचं नाही, उशी नाही.
आंघोळ आडवी, जेवण आडवं,
बाकीचंही आडवंच, भांड्यात, आणि ते मोजून.

डॉक्टर तांबोळी म्हणाल्या, वर जाणाऱ्या माणसाला
जे होईल, ते आधी तुम्हाला होऊ दे.
म्हटलं, होऊ दे.
मी सुदाम घाग. लोअर परळच्या काचा पुसतो
एकोणचाळिसाव्या मजल्यावर, दोरीला लटकून.
हवेत राहायची सवय आहे,
आणि इथं तर पडायची भीती नाही.

तिसऱ्या दिवशी तोंड असं सुजलं
की व्हिडिओ कॉलवर बायको म्हणाली, कोण बोलतंय?
पायांतलं पाणी डोक्यात चढलेलं.
नाक चोंदलं, डाळीला चव नाही,
आणि कंबर, देवा.
सिस्टर प्रिस्का म्हणाली, मणका लांबतोय तुझा,
वरच्यांचाही लांबतो.
दीड सेंटिमीटर उंच झालो मी,
उभा न राहता.

हाडं लघवीतून जातात हे ठाऊक नव्हतं.
बाटली उजेडात धरून बघायचो,
चुन्यासारखं काही दिसतं का.
दिसायचं नाही.
तरी कागदावर मी कमी होत होतो,
खुब्यात, पोटरीत,
जिथं जिथं स्वतःचं वजन ठेवायचो तिथं.

चाळिसाव्या दिवशी टाचांचं कातडं सुटलं.
सोळा वर्षांचे घट्टे,
कांद्याच्या सालीसारखे चादरीवर.
प्रिस्का झाडायला लागली, म्हटलं, थांब जरा.
खालचे तळवे गुलाबी,
आमच्या रेवाचे होते तसे, चालायला लागण्याआधी.

एकसष्टाव्या दिवशी उभं केलं. चौघांनी धरून.
दोरीवर जिला सोळा वर्षं फसवत आलो
ती खालची ओढ
एकदम अंगात आली.
पाय जमिनीवर होते. जमीन कुठे होती कोण जाणे.
दोन मिनिटं चाळीस सेकंद. मग अंधार.
डॉक्टरांनी खूश होऊन लिहून घेतलं.

पैसे मिळाले. फ्रिज आला, रेवाचा चष्मा आला.
दोरीवर परतायला चार महिने लागले.
डावा खुबा अजून पट्ट्यात कुरकुरतो.

काल करी रोडला, टपरीतल्या टीव्हीवर
तो दिसला. वर. हात हलवत, हसत.
सगळे म्हणाले, काय तब्येत आहे,
गाल बघ कसे भरलेत!
मी म्हटलं, तिसरा दिवस असणार.
कुणी ऐकलं नाही.
नाक चोंदलंय त्याचं, आवाजावरून कळतं.
कंबर हसण्यात लपते, पण भुवईत दिसते.

चहा निवत गेला.
पैसे देता देता पडद्याला हळूच म्हटलं,
झोपताना गुडघे पोटाशी घे रे बाबा.
जरा बरं वाटतं.