कडेनं पाहणं

भरती आज साडेसातला, असं पाववाल्यानं
पाटीवर खडूनं लिहून ठेवलंय, बनपावाच्या भावाखाली.
इथं पक्षी घड्याळावर येत नाहीत.
समुद्र सरकत सरकत त्यांच्या पायाखालचा चिखल काढून घेतो,
मग ती सगळी बिऱ्हाडं उठतात
आणि बांधाजवळच्या खाऱ्या गवतात येतात,
जिथं फोक्को आधीच बसलेला असतो
बादली पालथी घालून.

बेचाळीस शरद त्यानं या बांधावर मोजले.
आता नजरेचा मधला तुकडा गेलाय,
कडा तेवढ्या उरल्यात.
समोर पाहिलं तर काही नाही,
जरा शेजारी पाहिलं तर कोरल, वाकड्या चोचीसकट.
म्हणून या वर्षी दुर्बीण माझ्याकडे, वही माझ्याकडे,
आणि चुकाही माझ्याच नावावर.

"आधी दहा मोज. एकेक, नीट.
मग त्या दहांची जागा डोळ्यांत धर
आणि तेवढीच चादर थव्यावर अंथरत जा."
मी अंथरते. तेराव्या चादरीला टिटव्या उठतात,
उगाच, टिटव्यांना उठायला काय लागतं,
आणि पुन्हा एकपासून.

थर्मासमधला चहा तो खडीसाखरेवर ओततो.
खडा तडकतो, तो आवाज ऐकूनच पेला माझ्या हातात देतो.
वहीच्या जुन्या पानांवर तालेआचं अक्षर आहे,
टपाल वाटणाऱ्या बाईचं, घाईचं, तिरकं.
एका ऑक्टोबरात पानाच्या मध्येच ते थांबतं:
तुतारी, चार हजार दोनशे, हे तिचं.
कोरल, एकशे दहा, हे त्याचं.
तारीख तीच, शाईसुद्धा तीच.
मी विचारत नाही. तो पान उलटायला सांगतो.

मग उत्तरेचे काळे हंस. आधी आवाज,
भिंतीपलीकडच्या लग्नघरात सगळे एकदम बोलू लागावेत तसा,
नंतर रांगा, विसकटलेल्या, दमलेल्या.
"पोरं किती?"
पंखांवर पांढऱ्या रेघा असतील ती यंदाची, हे मला आता कळतं.
दोनशे हंसांत मला तीन सापडली.
पुन्हा पाहिलं. तीनच.
"तिकडं उंदीर कमी झाले असतील," तो म्हणतो,
"मग कोल्हे अंड्यांवर येतात."
एवढं बोलून नाक पुसतो. वारा समोरून आहे.

बहिरी ससाणा मला दिसलाच नाही.
दिसलं ते एवढंच की गवत उठलं,
पाच हजार पाठी काळ्या,
वळल्या, तर पाच हजार पोटं पांढरी,
माझी सगळी बेरीज आकाशात.
मी शिवी हासडली. फोक्को मात्र बादलीवरून उठून उभा,
टोपी हातात, तोंड उघडं.
हे त्याला दिसत होतं, स्पष्ट,
कारण असा थवा म्हणजे नुसती कडाच असते,
मध्य असा त्याला नसतोच.
"किती?" मी विचारलं.
"गप्प बस," तो म्हणाला, "बघ."

पाणी उतरू लागलं. मेंढ्या बांधावर चढल्या.
शेवटच्या ओळी राहिल्या होत्या.
"काळ्या शेपटीचा पाणटिवळा?"
"नाही."
"मग शून्य लिही. कोरी जागा सोडू नकोस.
कोरी म्हणजे आपण आलोच नव्हतो."
गारठ्यानं पेन चालेना.
शून्य उमटलं ते बिनशाईचं, कागदात रुतलेली नुसती गोल खाच.
मी पेन काखेत धरून ऊब देत राहिले.
त्यानं वही मागून घेतली,
त्या खाचेवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा,
आणि म्हणाला,
"उमटलंय. खालची ओळ वाच."