फास्ट

बाबांच्या तोंडात आता एकच शब्द उरलाय.
फास्ट.
चहा हवा असला तरी फास्ट, नको असला तरी फास्ट,
खिडकीच्या कठड्यावर सीगल बसला की हसून फास्ट,
आणि रात्री दिवा मालवताना, अगदी हलकेच.

थेरपिस्ट बाई म्हणाल्या, असं होतं.
पुरात घरातलं काय वाचेल
ते आधी कुणी सांगावं?

ॲम्बलच्या धक्क्यावर एकेचाळीस वर्षं
कथबर्ट हेस्लॉप नावाचा माणूस बोटी बांधायचा.
खुंटाला दोराचे तीन वेढे, वर एक उलटी गाठ,
मग आरोळी: फास्ट!
म्हणजे बांधली. म्हणजे येऊ दे आता वारा.
आणि वळून, त्याच दमात,
पायऱ्यांवर रेंगाळणाऱ्या माझ्या भावाला: फास्ट!
म्हणजे पळ.
बिचारा रॉडी. हलू नको की धाव घे,
दोन्ही एकदम ऐकून
एक पाय उचलून उभा राहायचा.

आईचा फास्ट निराळा.
ईस्टरच्या आधी चाळीस दिवस लोणी बंद,
तेव्हा ती कोरडा पाव चावायची आणि आमच्याकडे बघायची नाही.
आणि निळी लोकर नवी आली की
बादलीत बुडवून रात्रभर ठेवायची.
सकाळी पाणी निवळ असलं तर तिचा चेहरा उजळायचा.
फास्ट. रंग पक्का.
या स्वेटरात माणूस बुडाला तरी ओळखता येईल,
असं ती म्हणायची, सुया न थांबवता.

त्या मंगळवारी तोच शब्द
डॉक्टरांच्या वेटिंग रूमच्या भिंतीवरून उठून आमच्या घरी आला.
पोस्टर होतं तिथे, चार अक्षरं एकाखाली एक:
तोंड वाकडं झालंय का,
दोन्ही हात वर होतात का,
बोलणं अडखळतंय का,
मग वेळ घालवू नका.
आईनं ते खोकल्याच्या औषधासाठी थांबली असताना वाचलं होतं,
दुसरं काही वाचायला नव्हतं म्हणून.
म्हणून बाबा आहेत.

मी लायब्ररीत काम करते. दुसरं काय करणार,
जाडा कोश काढला.
मूळ एकच निघालं: घट्ट.
उपाशी माणूस स्वतःला घट्ट धरतो, ते एक.
गाढ झोपेलाही हाच शब्द, तीही घट्टच.
पळणाराही आधी नेटानं पळायचा म्हणे,
मग केव्हातरी नेट गळाला, वेग तेवढा उरला.
सकाळच्या न्याहारीच्या नावातही तो बसलाय, मोडलेला.
खुंटाला बांधलेली गाय आणि दावं तोडून सुटलेलं वासरू,
एकाच गोठ्यातली.
मला हे पटलं नाही. मी कोश बंद केला.

काल संध्याकाळी बाबांनी गाऊनचा पट्टा सोडवून घेतला.
डाव्या हातानं पलंगाच्या दांड्याला
एक वेढा. दुसरा. तिसरा.
उलटी गाठ काही जमेना.
मी उठणार होते, आईनं डोळ्यांनी बसवलं.
तिनं टोक घेतलं, वळवलं, ओढलं;
साठ वर्षांत तिनं एक बोट बांधलेली नाही.
बाबांनी पट्टा ताणून पाहिला.
फास्ट, ते म्हणाले.
आईनं विचारलं, कुठला?

बाबा हसले, अर्ध्या तोंडानं.
बाहेर कोकेट नदीला भरती येत होती
आणि कुणाची तरी बोट
धक्क्यावर घासत होती.