नमुना क्रमांक एकशे सत्तेचाळीस

चिमट्यानं उचलते फिल्टर.
परवा संध्याकाळी पांढरा होता, सोललेल्या अंड्यासारखा.
आता तव्याची बूड.
नऊ तास पंपानं एल आल्तोची हवा ओढली त्याच्यातून,
छपरावर एकटाच घुरघुरत.

सान हुआनची रात्र. वर्षातली सगळ्यात गार.
गल्लोगल्ली शेकोट्या, बंदी असूनही.
बंदीची पत्रकं मीच वाटली होती आमच्या गल्लीत;
दोन्या बेनेदिक्तानं माझ्यासमोर त्याची घडी घातली,
पदराआड ठेवली,
म्हणाली, पोरी, पेटवायला कागद लागतोच.

वजन करण्याआधी फिल्टरला एक दिवस विसावू द्यायचं,
एकाच उबेत, एकाच ओलाव्यात.
माणसालाही असं कुठे मिळतं?
मग काट्याचं काचेचं दार लावायचं,
हात मागे घ्यायचा, श्वाससुद्धा बाजूला सोडायचा.
आकडा थरथरतो, थरथरतो,
थांबतो.
नऊशे चाळीस मायक्रोग्रॅम.

रेमिहिओ पलीकडच्या यंत्रावरून ओरडतो:
पोटॅशियम चिक्कार! लाकूडच लाकूड!
लाकूड जळताना त्यातली साखर एक खूण मागे ठेवते,
ती खूण तर पडद्याबाहेर उसळली आहे.
थोडं बेरियम, म्हणजे फटाके.
क्लोरीन, म्हणजे कुणीतरी प्लास्टिकच्या खुर्च्या.
आणि जस्त.
जस्त म्हणजे टायर.

बाबा टायरच्या चपला घालायचे.
दुसऱ्या कुठल्या घातल्याच नाहीत:
ट्रकच्या टायरचा तळ, वर दोन पट्ट्या, सात खिळे.
थंडीत टाचा भेगाळून नदीचा नकाशा व्हायच्या.
ते गेल्यावर आठव्या दिवशी
रीतीप्रमाणे त्यांचे कपडे धुतले, जाळले.
चपला मात्र आईनं खाटेखाली सरकवल्या.
कुणी विचारलं नाही. मीही नाही.

परवा रात्री शेकोटीशी ती गेली
तेव्हा शालीखाली काहीतरी धरलेलं होतं.
मी दारात उभी होते, कार्यालयाचं जाकीट घालून.
ओरडू शकले असते.
रबर पेटलं की आधी नुसतं फुगतं,
मग एकदम काळं बोलायला लागतं.
आई धुराच्या बाजूलाच उभी राहिली.

शास्त्र सांगतं, एका जोडीचं जस्त ओळखू येत नाही.
खरं आहे. त्या रात्री निम्म्या शहरानं टायर जाळले.
शिवाय प्रत्येक फिल्टरसोबत एक कोरा फिल्टर जातो,
तोही उघडायचा, मिटायचा, परत आणायचा,
हवा मात्र ओढायची नाही.
आपल्या हातांनी जे नकळत मिसळलं
ते त्याच्यावर दिसतं, आणि वजा करता येतं.
मी वजा केलं. सहा मायक्रोग्रॅम.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: स्थानिक ज्वलन.
खोडलं.
पुन्हा तेच लिहिलं.

घरी आले तर आई चुन्यो भिजत घालत होती.
किती निघालं तुझ्या कागदावर?
सांगितलं. तिला कळेना.
मग मिठाची बरणी उपडी करून
टेबलावर सोळा कण मोजून दाखवले,
नखानं एकेक वेगळा सारत. एवढं.

सगळ्या वस्तीचं?
नाही, नऊ घनमीटर हवेचं. आपल्या या खोलीच्या पावपट.
ती खोलीकडे बघत राहिली,
वर, कोपऱ्यांत, कपाटाच्या मागे.
म्हणाली, फाउस्तिनो यापेक्षा जड होता गं.

मग बोट ओलं करून एक कण टिपला,
उजेडाकडे धरला.
हा डाव्या पायाचा, म्हणाली,
डावीच जास्त झिजलेली.
मला हसू आलं, तिलाही,
आणि दोघींनाही खोकला.

उरलेले पंधरा तिनं तळहातावर ओढून घेतले
आणि सुपात टाकले.
मीठ कुणी फेकतं का.