चार ते सात

फॉर्मवर विचारलं होतं, काय आवडतं?
लिहिलं : कुकरची शिट्टी, मोसंबीची साल.
कशाला घाबरतो?
उत्तरायणातल्या गच्चीवरच्या भोंग्यांना.
रात्री कूस किती वेळा बदलावी लागते? तीन.
खाली ‘पालकाचे नाव’.
ते खोडून लिहिलं, बहीण.

भाविकाबेन म्हणाल्या, “तमे तमारे जाओ, बेन.”
मग गेले.

कारेलीबागेतून दांडिया बाजार.
रिक्षात एकटीला फार जागा होते,
मी आपली कडेलाच.
चष्म्याची दांडी बसवून घेतली,
मार्चपासून दोऱ्याने बांधलेली.
सुरसागरच्या काठाला सेव-उसळ मागवली,
पाव कुस्करून कुस्करून पार लगदा केला
आणि चमचा धरला उजवीकडे, हवेत,
अच्युतच्या तोंडाच्या उंचीवर.

समोरचा पोऱ्या फडकं थांबवून बघत राहिला.
मग मीच खाल्लं.
तिखट होतं. आई गेल्यापासून
आमच्याकडे तिखट शिजलेलं नाही.

साडेसहालाच परतले.
खिडकीतून दिसला :
खुर्ची उन्हाकडे वळवलेली,
कुणी एक पोरगी त्याला
मोसंबीची साल हुंगायला देत होती,
आणि तो हसत होता. तेच हसू,
जे फक्त माझ्याजवळ हसतो म्हणून
मी बावीस वर्षं सगळ्यांना सांगत आले.

खोटं कशाला बोलू, लागलं.

सातला अर्धा तास होता अजून.
चपला न वाजवता मागे फिरले,
कोपऱ्यावरच्या बंद दवाखान्याच्या
पायरीवर जाऊन बसले
आणि बसूनच राहिले,
सातला पाच कमी असेपर्यंत.