मापाऱ्याचं वजन

वरुडच्या संत्रामंडीत मी मापारी.
क्रेट काट्यावर यायच्या आधीच
नजर सांगते : बावीस किलो,
फार तर दोनशे ग्रॅम इकडे-तिकडे.
चुकलो तर हमाल दिवसभर हसतात.

परवा रात्री, मंडी झाडून झाल्यावर,
चपला काढून मीच चढलो काट्यावर.
चौऱ्याण्णव.
पाहायला फक्त एक मांजर होतं.

उपकेंद्रातल्या ठवकर सिस्टरनं विचारलं,
"काय काय खाता, दादा?"
म्हटलं, खात काहीच नाही वं बाई,
रस पितो. गेटवर, दौलतच्या गाडीवर.
तीन गिलास. फळच हाये ना थे.
तिनं पेन खाली ठेवला.
"एका गिलासात संत्री किती?"
मापाऱ्याला विचारते!
सहा. सहा त्रिक अठरा.
"आता अठरा सोलून खाऊन पाहा एका दिवसात.
जमलं तर मले सांगा."

दुसऱ्या दिवशी बसलो पोत्याला टेकून.
पहिलं सोललं. नखं पिवळी झाली,
सालीची चिळकांडी डोळ्यात गेली,
पांढरे धागे ओढत राहिलो
गोधडीचे टाके उसवावेत तसे.
फोड, मग बी. फोड, मग दोन बिया.
दुसरं संपेस्तोवर
एक ट्रॅक्टर खाली झाला,
अडत्याचं एक भांडण मिटलं.
तिसऱ्याला पोटानंच हात जोडले.

तरी सवयीनं गेलोच दौलतकडे.
मशीन घरघरत होतं.
मागच्या टोपल्यात चोथा पडत होता,
ओला, केशरी, किलोभर तरी,
अन् त्याच्या दोन शेळ्या
डोळे मिटून रवंथ करत होत्या.
"काहून, आज रस नाही?"
मी शेळ्यांकडेच पाहत होतो.
एक तर टिनाच्या छपरावर चढलेली.
तीन वर्षं पैसे माझे,
अन् चावायचं तेवढं यांच्या वाट्याला.

दीड महिना झाला.
ब्याण्णवच्या खाली काटा सरकत नाही अजून.
जीभ दुपारी चार वाजता
गेटकडे वळते, खोटं कशाला बोलू.
बायको मात्र कावते रोज,
सदरा धुताना खिशातून
मूठभर बिया निघतात म्हणून.
मोरीच्या तोंडाशी फेकते.

काल तिथं काहीतरी उगवलेलं दिसलं,
दोन पानांचं.
वजनाचा अंदाज येईना,
म्हणून वाकून पाहिलं.

वाकता आलं.