खांद्यावरचा पदर

गेली सव्वीस वर्षं
लक्ष्मी रस्त्यावरच्या पांढऱ्या गादीवर
मी साड्या नेसतोय.

म्हणजे, खांद्यावर टाकून दाखवतो.
निऱ्या चिमटीत, पदर डावीकडून,
मिशी तशीच, चष्मा तसाच,
खिशात बसचा पास.
बायका माझ्याकडे बघतात
आणि मी त्यांना दिसत नाही.
कौशल्य ते एवढंच, बाकी सगळं कापड.

भाद्रपद तोंडावर आला की गादीला उसंत नसते.
"गौरींसाठी दाखवा. दोन. एकसारख्या."
"एकसारख्या कशाला, ज्येष्ठा थोरली आहे,
तिचा काठ रुंद हवा."
"काठात काळा धागा नाही ना? नीट बघा."
"गेल्या वर्षी मोरपंखी झाली, त्याच्या आधी चटणी."
"चटणी कुठली, डाळिंबी होती ती.
तुमच्या मोतीबिंदूचं वर्ष."

कुणी पिशवीतून मुखवटाच काढते,
पितळी, वर्तमानपत्रात गुंडाळलेला,
म्हणते, हिच्या अंगाला लावून दाखवा.
मी लावतो.
ट्यूबखाली देवीसुद्धा जरा आजारी दिसते,
म्हणून तिला दारात नेतो,
रस्त्याच्या उजेडात, रिक्षांच्या हॉर्नमध्ये,
आणि रंग ठरतो.

परवा ढमढेरे बाई आल्या, सून केतकीला घेऊन.
थोरलीला जांभळी निघाली, धाकटीला आमसुली.
तुळशीबागेतला ऐवज गादीवर मांडला गेला:
दोन ठुश्या, बाजूबंद, कंबरपट्टा,
नथी दोन, पण एकीचा फासा सैल,
त्यावरून मायलेकींसारखं भांडण झालं दोघींचं.
मग केतकीनं विचारलं,
"आणि तुम्हाला, आई?"

"मला काय करायचीय.
करड्या आहेत की दोन, घडीसुद्धा मोडली नाही."

हात मात्र त्यांचा
एका हिरव्यावर होता, मुनियाच्या काठाच्या.
ठेवला नव्हता, राहिला होता.
"हिरवा आता..." म्हणाल्या
आणि पुढचं वाक्य घडी करून ठेवून दिलं.

गिऱ्हाइकाच्या असल्या घडीला
मी कधी हात लावला नाही.
दुकानात चालतही नाही ते.
पण ती हिरवी उचलली, झटकली,
निऱ्या काढल्या, एक चुकली, परत काढल्या,
पोपटांची रांग छातीवरून वर नेली
आणि आरशासमोर उभा राहिलो.
"बघा बाई. वय अठ्ठावन्न, डोक्याला टक्कल,
गुडघे कामातून गेलेले.
मला शोभतेय की नाही, तेवढं सांगा."

केतकी फसकन हसली.
पलीकडच्या गादीवरचा बबन तर लोळलाच.
ढमढेरे बाई हसल्या नाहीत.
बघत राहिल्या,
आधी काठ, मग पदर, मग मला.
सव्वीस वर्षांत असं कुणी पोहोचलं नव्हतं
साडीपासून माझ्यापर्यंत.

"पदर थोडा मोठा सोडा," म्हणाल्या.
मी सोडला.

घेतली की नाही, ते सांगणार नाही.

रात्री साडेनवाची बस, वारज्याकडे.
पास बघता बघता कंडक्टर थांबला,
"काका, घरात कार्य का? खांद्यावर जर चमकतेय."
मी झटकायला हात वर नेला
आणि तसाच खाली आणला.